नाममुद्रेपासून डिजिटल सहीपर्यंत

'हे माझे' असे सांगण्याची मराठी कवींची रीत जुनी आहे. नामदेव, तुकाराम अभंगाच्या शेवटी आपले नाव गुंफत. 'योगसंग्राम'कार श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनीही तेच केले. याला नाममुद्रा म्हणतात. पण ती कोणालाही उचलता येई. म्हणूनच तुकोबांचे अस्सल अभंग कोणते आणि मागाहून घुसलेले कोणते, हा वाद अभ्यासकांना पुरून उरला आहे.

दुसरा प्रश्न शब्द शाबूत राहण्याचा. नकला होता होता ज्ञानेश्वरीत पाठभेद शिरले होते. एकनाथांनी शके १५०६, म्हणजे १५८४ साली, प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि यात कोणी आपली ओवी घालू नये, असे बजावून ठेवले.

तिसरा टप्पा आम्हा एकलहरेकरांच्या शेजारचा. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसला आम्ही नुसते 'प्रेस' म्हणतो. पूर्वी आपली टपाल तिकिटे लंडनहून छापून येत. १९२६ पासून ती इथे छापली जाऊ लागली. कागद उजेडाकडे धरला की जलचिन्ह दिसे. तरीही २००३ च्या सुमारास बनावट मुद्रांकांचा घोटाळा गाजलाच. खूण कितीही अवघड असो, तपासणाराच नसेल तर ती मुकी राहते.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कविता लिहिताक्षणी हक्क कवीचा होतो. नोंदणीची सक्ती नाही. हयातभर आणि मृत्यूनंतर साठ वर्षे तो टिकतो. पण वाद झाला की पुरावा लागतो. माझीच एक कविता, नाव गळालेली, 'छान आहे, वाचा' म्हणून मला मोबाइलवर आली, तेव्हा हे नीट उमगले.

२००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने डिजिटल सहीला मान्यता दिली. संगणक मजकुराचा गणिती ठसा काढतो. एक काना बदलला तरी ठसा बदलतो. सही करणारा आपल्या गुप्त किल्लीने त्यावर शिक्का मारतो आणि जुळ्या, उघड किल्लीने तो कोणीही पडताळू शकतो. ती किल्ली कोणाची, हे प्रमाणपत्र सांगते. नाममुद्रा आणि नाथांची ताकीद एका जागी आली म्हणा ना! छायाचित्रे, चित्रफिती यांच्या उगमाची अशीच सहीबंद नोंद फाइलीसोबत ठेवण्याचे मानक 'सी-टू-पी-ए' हा २०२१ साली स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय गट तयार करतो.

मात्र एक ध्यानात ठेवा. प्रमाणपत्र सही कोणाची ते सांगते, कविता कोणाची ते नाही. चोराने आधी सही केली, तर गणित तीही खरीच मानते. शिवाय पडद्याचे छायाचित्र काढून पुढे धाडले की नोंद मागेच राहते. म्हणून कवींनी तारखेसह कच्चे खर्डे जपावेत.

आणि वाचकांनी? कविता नावासकट पुढे पाठवावी. वारकऱ्यांनी शतकानुशतके नाममुद्रा न गाळता अभंग गायले, म्हणून ती नावे आपल्यापर्यंत पोचली.