शेजारतंट्यांची फिर्याद : अहमदनगर जिल्ह्यातील काही पद्धती

शेजाऱ्याविरुद्धची फिर्याद ही परक्याविरुद्धच्या फिर्यादीहून स्वभावतःच निराळी असते. निकाल कोणताही लागो, वादी व प्रतिवादी यांना दुसऱ्या दिवशी एकाच भिंतीच्या दोन बाजूंस राहावयाचे असते. सांडपाणी, बांध, वहिवाटीची वाट, रात्रीचा गोंगाट असल्या तक्रारी लोक कोणापाशी व कशा नेत, हा प्रश्न त्यामुळे वाटतो तितका गौण नाही.

पेशवाई संपुष्टात आल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ साली जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल दिला, त्यात ही जुनी रीत वर्णिलेली आहे. अहमदनगरचा कारभार त्या वेळी कॅप्टन पॉटिंजरकडे होता. तक्रार प्रथम पाटलाच्या कानी जाई. पाटील समजूत घालून पाही. न जमल्यास पंचायत बसवी. पंचायतीपुढे येताना उभय पक्षांना राजीनामा, म्हणजे पंचांचा निर्णय मान्य असल्याचे लेखी वचन, द्यावे लागे व जामीनही उभा करावा लागे. जिंकणाऱ्याकडून हरकी, हरणाऱ्याकडून गुन्हेगारी घेतली जाई. फिर्याद करणे म्हणजे स्वतःलाही बांधून घेणे होते, आणि या पद्धतीचे खरे बळ तेथेच होते. तिचा दोषही त्याच अहवालात दिसतो. पंचायतीवाचून दाद मागण्याचा मार्ग म्हणजे तकाजा : साध्या मागणीपासून थेट दाराशी बसून प्रतिपक्षाचे अन्नपाणी अडविण्यापर्यंत त्याची मजल जाई. आजचा ‘तगादा’ हा शब्द त्याच कुळातला.

इंग्रजी अमदानीत शिवीगाळ व किरकोळ मारहाण यांसाठी १८६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने पोलीसपाटलास मर्यादित अधिकार दिले. दिवाणी तंटे मात्र कोर्टाकडे गेले. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे उसळलेले सावकारविरोधी दंगे पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या अहमदनगरच्या तालुक्यांतही पसरले. त्यांतून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा निघाला. तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता. त्याचा रोख कर्जावर होता खरा. परंतु त्यातील तडजोडीचे प्रकरण कर्जापुरते मर्यादित नव्हते. एक पक्ष शेतकरी असला आणि वाद दिवाणी कोर्टाच्या कक्षेतला असला, की कोणत्याही पक्षास सरकारनियुक्त मध्यस्थाकडे अर्ज करता येई. त्याच्यापुढे वकिलास मज्जाव होता. तडजोड झाल्यास ती लिहून कोर्टाकडे जाई व तिला हुकूमनाम्याचे बळ येई. न झाल्यास मध्यस्थ दाखला देई, आणि त्या दाखल्यावाचून कोर्ट दावाच दाखल करून घेत नसे. कल्पना चांगली होती; पण जुन्या राजीनाम्याची जागा दाखल्याने घेतली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पुष्कळांना मध्यस्थ म्हणजे कोर्टाच्या वाटेवरचे एक नाके वाटले असल्यास नवल नाही. शिवाय मध्यस्थापुढे कबुली लिहवून घेतली की कर्जाच्या पूर्वेतिहासाची कोर्टातील चौकशी टळते, अशी टीकाही झाली.

गोंगाटाच्या तक्रारीला स्वतंत्र कायदेशीर रूप आले ते फार उशिरा. केंद्र सरकारच्या २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली. मर्यादेहून १० किंवा अधिक डेसिबल आवाज झाल्यास नागरिकास प्राधिकाऱ्याकडे तक्रार करता यावी, असे त्यांत म्हटले होते; रात्री दहा ते सकाळी सहापर्यंतच्या निर्बंधांचा भंग हे कारण पुढे जोडले गेले. पाटलापुढे ‘झोप लागत नाही’ एवढे सांगणे पुरत असे. येथे त्रासाला आकडा हवा, आणि आकडा सांगणारे यंत्र सामान्य माणसाच्या घरात नसते. शेजारच्या पिठाच्या गिरणीचा त्रास सोसणाऱ्यास रात्रीची सबब तरी कोठून मिळणार?

१५ ऑगस्ट २००७ रोजी राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, आणि अहमदनगरच्या खेड्यांतही तक्रार पुन्हा गावापुढे बोलून दाखविण्याची सोय झाली. ग्रामसभेतून बनलेल्या समितीने तंट्यांची नोंद करावी व उभय पक्षांस समोरासमोर बसवून समेट घडवावा, अशी योजना होती. समितीस न दंडाचा अधिकार होता, न दाखला देण्याचा. समेट न झाल्यास कोर्टाची वाट पूर्ववत मोकळी राहत असे.