डबा भरलेला होता

माझ्या बहिणीची धाकटी सातवीत आहे. मागच्या नोव्हेंबरात तिचा फोन आला, "मावशी, ७ तारखेला विद्यार्थी दिवस आहे. मला भाषण करायचंय. भेदभावावर चार ओळी सांग ना."

७ नोव्हेंबर १९०० या दिवशी भीमराव आंबेडकरांचं नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झालं. म्हणून २०१७ पासून महाराष्ट्रातल्या शाळांत हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.

म्हटलं, आधी तू काय लिहिलंयस ते वाच. तिने एका दमात वाचलं. जात, धर्म, लिंग, भाषा यांवरून माणसामाणसांत फरक करणे म्हणजे भेदभाव होय. परीक्षेत पूर्ण मार्क! "आणि यातलं तुला काय कळलं?" असं विचारल्यावर म्हणाली, "वाईट माणसं असं वागतात."

इथेच गाडी अडली. मग मी तिला मसूर स्टेशनची गोष्ट सांगितली. बाबासाहेबांनी स्वतःच ती 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मकथनात लिहून ठेवली आहे.

साल १९०१. वडील खटाव तालुक्यात, दुष्काळी कामावर कॅशियर. सुट्टीत त्यांच्याकडे जायचं म्हणून नऊ-दहा वर्षांचा भीमराव, त्याचा भाऊ आणि भाचेमंडळी आगगाडीने निघाली. नवे कपडे, जरीच्या टोप्या, नवे बूट. मसूरला उतरली तर न्यायला कुणीच नाही. येत असल्याचं पत्र वडिलांपर्यंत पोचलंच नव्हतं. स्टेशन मास्तरने आपुलकीने चौकशी केली. कपड्यांवरून त्याला ही ब्राह्मणांची मुलं वाटली होती. मग त्याने विचारलं, तुम्ही कोण? भीमरावाने जराही विचार न करता सांगून टाकलं, आम्ही महार. मास्तरचा चेहरा उतरला आणि तो आपल्या खोलीकडे निघून गेला.

काही वेळाने तो परत आला, गाडीवाल्यांशी बोलला. दुप्पट भाडं मिळालं तरी बाटायला कुणी तयार होईना. शेवटी तोडगा मास्तरनेच काढला. बैलगाडी मुलांनी हाकायची, गाडीवान बाजूने चालणार! वाटेत रात्र झाली. जवळ डबा भरलेला होता, पण प्यायला पाणी नव्हतं. टोलनाक्यावरच्या माणसाकडे मुसलमान असल्याचं सांगून पाणी मागितलं, तरी मिळालं नाही. मुलं तशीच उपाशी झोपली.

फोनवर बराच वेळ शांतता. मग प्रश्न आला, "मावशी, म्हणजे तो स्टेशन मास्तर चांगला होता की वाईट?"

मला उत्तर देता येईना. "उद्या सांगते" म्हणून फोन ठेवला.

रात्री जेन इलियट आठवली. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या रायसव्हिल नावाच्या खेड्यात ती तिसरीच्या वर्गाची शिक्षिका होती. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. वर्गातली सगळी मुलं गोरी, त्यांना वर्णभेद समजावायचा कसा? दुसऱ्याच दिवशी तिने डोळ्यांच्या रंगावरून वर्गाचे दोन भाग केले. एका रंगाचे हुशार, त्यांना मधली सुट्टी जास्त. दुसऱ्या रंगाच्यांनी नळाला थेट तोंड लावायचं नाही, कागदी कप वापरायचा. (इथेही पाणीच, बघा!) पुढच्या फेरीत सगळं उलट. हे सगळं थोतांड होतं हेही तिने शेवटी मुलांना सांगितलं. पण तोवर कालचे जिवलग मित्र एकमेकांना हिणवू लागले होते. १९७० च्या तिच्या वर्गावर माहितीपट निघाला. त्यात तीच मुलं खालच्या गटात असताना वाचनाचे पत्ते ओळखायला जास्त वेळ लावतात, वरच्या गटात गेली की भराभर ओळखतात.

असा प्रयोग मी काही भाचीवर करणार नाही. पालकांना न विचारता लहान मुलांना असं दुखवावं का, यावर तिकडेही पुष्कळ वाद झाला. पण त्या वर्गात कुणी दुष्ट नव्हतं. बाईंनी एक शब्द दिला आणि मुलं बदलली, एवढंच. मसूरच्या फलाटावरही तेच झालं. मुलं तीच, टोप्या त्याच, मास्तर तोच. मध्ये एक शब्द आला.

आणि मग मला आमचं आजोळ आठवलं. ओसरीवरच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप असायचा. अंगण झाडायला येणाऱ्या बाईंचा. त्यात चहा वरून ओतायचा, आणि तो त्यांनीच विसळून ठेवायचा. ओतणारी आमची आजी. त्या बाईंच्या मुलीच्या लग्नात तिने स्वतःची साडी दिली होती. आजीला वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण तो कप होता. मी कधी विचारलं नाही, हेही खरं. हे वाचणाऱ्या मामा-मावश्यांना तो कोनाडा आठवेल. राग मानू नका.

दुसऱ्या दिवशी भाचीला आधी त्या कपाबद्दल सांगितलं. म्हटलं, "स्टेशन मास्तर मला आजीसारखाच वाटतो."

भाषणात तिने व्याख्या गाळली, मसूरची गोष्ट सांगितली. आणि शेवटी वर्गाला एकच प्रश्न विचारला, "डबा भरलेला असूनही मुलं उपाशी का झोपली?"