कार्बनचा हिशेब

हिवाळ्यात पळसदरीच्या तळ्यावर आकाश बघायला गेलं की खोपोलीकडचा उजेड आड येतोच. तरी मृगाच्या पायाशी, शशक तारकासमूहात, दुर्बिणीतून एक तारा दिसतो (नेहमी नाही, त्याचं तेज सुमारे चौदा महिन्यांच्या चक्रात खूपच कमी-जास्त होतं). निखाऱ्यासारखा लालभडक. नाव 'आर लेपोरिस'. १८४५ साली हाइंड नावाच्या इंग्रज निरीक्षकाने तो नोंदवला.

आता तुम्ही म्हणाल, थंड तारा लाल दिसणारच. पण एवढा? १८६८ मध्ये रोमच्या फादर सेक्कींना अशा ताऱ्यांच्या वर्णपटात कार्बनचे पट्टे दिसले. सूर्यात ऑक्सिजनचे अणू कार्बनच्या जवळपास दुप्पट आहेत. इथे उलटं. दोघांचा कार्बन मोनॉक्साइड होतो, ऑक्सिजन संपतो आणि उरलेल्या कार्बनचे रेणू नि काजळी निळा प्रकाश गिळतात. कंदिलाची काच काळी होते तसं!

पण एवढा कार्बन आला कुठून? ताऱ्याच्या पोटात तीन हेलियम एकत्र येऊन, हे १९५२ मध्ये साल्पीटरने मांडलं. अडचण अशी की हा कार्बन लगेच आणखी एक हेलियम गिळून ऑक्सिजन होतो. मग शिल्लक काय राहणार? १९५३ मध्ये फ्रेड हॉइलने हिशेब उलटा केला: विश्वात कार्बन भरपूर आहे, म्हणजे त्याच्या अणुकेंद्रकाला साधारण ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टला एक ऊर्जापातळी असलीच पाहिजे. कॅलटेकमधल्या फाउलरना आधी हे खरं वाटेना. प्रयोग झाला आणि पातळी सापडली. ('आपण आहोत म्हणून ती असणार' हा मसाला लोकांनी नंतर घातला. मूळ युक्तिवाद साधा जमाखर्चाचा होता.)

म्हाताऱ्या ताऱ्यात खोलवर तयार झालेला हा कार्बन, विहिरीतला गाळ उपसावा तसा, आतल्या उकळीबरोबर पृष्ठभागावर येतो. तोच आपल्याला दिसतो.

आपण मराठी लोक हॉइलना ओळखतो ते जयंत नारळीकरांचे गुरू म्हणून. १९६० च्या दशकात केंब्रिजमध्ये दोघांनी गुरुत्वाकर्षणावर एकत्र काम केलं. १९८३ चं नोबेल फाउलर आणि चंद्रशेखर यांना मिळालं. हॉइलना नाही. मला ते अजून पटलेलं नाही.