मत्स्यवेध आणि मत्स्यविनोद

द्रौपदीस्वयंवरांतील मत्स्यवेधाच्या पणावरून, बाणानें मासे मारण्याची क्रीडा आपल्या प्राचीन राजकुलांत रूढ असावी, असा तर्क सहज सुचतो. ह्या तर्कास ग्रंथांचा आधार कितपत आहे, तें येथें पाहण्याचें आम्ही योजिलें आहे.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें डॉ. वि. सी. सुखठणकर यांच्या संपादकत्वाखालीं सिद्ध केलेलें आदिपर्व १९३३ सालीं पूर्ण झालें. अनेक लिपींतील पोथ्या ताडून ठरविलेल्या त्या संहितेंत द्रुपदानें आकाशांत कृत्रिम यंत्र करविलें व त्यासह सुवर्णाचें लक्ष्य ठेविलें, एवढेंच आहे. तेथें मासा नाहीं आणि पाण्यांतील प्रतिबिंबही नाहीं. तेव्हां कीर्तनांतून परिचित असलेला मासा मागाहून आला, हें उघड आहे. तो मूळचा मानला, तरी अधांतरीं टांगलेल्या यंत्रमत्स्याचा वेध ही मृगया नव्हे.

जलांतील प्राण्यावर बाण टाकल्याचा प्रसंग त्याच पर्वांत निराळा आहे. गंगेंत स्नान करणाऱ्या द्रोणाचा पाय ग्राहानें धरिला असतां अर्जुनानें त्या बुडालेल्या ग्राहास पांच बाणांनीं विंधिलें. परंतु हें गुरुरक्षण होय, विनोद नव्हे. पाण्यांतील वस्तु किरणांच्या वक्रीभवनामुळें असते त्याहून वर दिसते. म्हणून मासा विंधणारास नेम दिसतो त्याच्या खालीं धरावा लागतो, व मासा हातीं यावा म्हणून बाणास दोरीही बांधावी लागते. असल्या साधनाचा मागमूस ह्या दोन्ही स्थळीं नाहीं.

राजांच्या मत्स्यक्रीडेचें खरें वर्णन पाहावयाचें तर कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वर तिसरा याच्या, शके १०५१ (इ. स. ११२९) मधील, मानसोल्लासाकडे वळावें. त्यांतील मत्स्यविनोदांत माशांच्या जाती, त्यांस घालावयाचें खाद्य, सूत्र व गळ यांचें वर्णन आहे. राजाचें साधन तेथें धनुष्य नसून गळ आहे. ह्याच ग्रंथांत मत्स्यावताराचें जुन्या मराठींतील गीतही आलें आहे, हा योगायोग मराठी वाचकास विशेष वाटेल.

सारांश, मत्स्यवेध हा कथेचा विषय व मत्स्यविनोद हा आचाराचा. एकावरून दुसरा सिद्ध करूं नये. स्वयंवराख्यानाच्या पोथ्या ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं मासा कोणत्या पाठांत येतो तें लेखनशकासह टिपून ठेवावें. आणि जेथें तो नसेल तेथें लेखकप्रमाद समजून पदरचा घालूं नये, अशी आमची विनंति आहे.