बळ पेलण्याची विद्या

यंत्रांचा इतिहास लिहिणाऱ्याची दृष्टी प्रथम एंजिनाकडे वळावी, हे स्वाभाविक आहे. कारण एंजिनाला आवाज आहे, धूर आहे आणि अश्वशक्तीचा आकडा आहे. परंतु अमेरिकेच्या मध्य-पश्चिम मुलखातील शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर-ओढीची जी स्पर्धा रूढ केली, तिचा वृत्तांत बारकाईने पाहिला असता असे आढळते की, बळ निर्माण करणे तेथे कधीच फारसे दुर्घट ठरले नाही. ते बळ मागच्या चाकांपर्यंत अभंग पोहोचवणे आणि पोहोचल्यावर त्याला ताब्यात ठेवणे, हे काम खरे कसोटीचे होते.

या स्पर्धेचे मूळ घोड्यांच्या ओढीत आहे. एकोणिसाव्या शतकात शेजारचे शेतकरी आपापल्या जोड्यांचे बळ अजमावण्यासाठी दगडांनी लादलेला लाकडी घसरा जमिनीवरून ओढवीत. पुढे घोड्याची जागा ट्रॅक्टर घेऊ लागला, तेव्हा कारखानदारांच्या जाहिरातींना जाब विचारण्याची तजवीज नेब्रास्का राज्याने 1919 च्या कायद्याने केली, आणि 1920 पासून ड्रॉबारवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या ओढदांड्यावर, प्रत्यक्ष किती ओढ मिळते, याची नोंद सरकारी दप्तरी होऊ लागली. दप्तरातल्या आकड्याने गावचा वाद मिटत नाही. तो मैदानावरच मिटतो. ओहायोतील व्हॉन्सव्हिल आणि मिसूरीतील बोलिंग ग्रीन येथे 1929 साली ट्रॅक्टरांच्या ज्या स्पर्धा झाल्या, त्या अशा प्रकारच्या पहिल्या ज्ञात स्पर्धा मानल्या जातात.

त्या काळच्या ट्रॅक्टरचा मागचा भाग कसा होता, हे ध्यानात घेतले पाहिजे. 1917 पासून शेतात उतरलेला फोर्डसन स्वस्त होता, हलका होता, परंतु नांगर एखाद्या मुळात अडकला की त्याची चाके थबकत, एंजिन मात्र फिरतच राही, आणि मग चाकांऐवजी ट्रॅक्टरचे धूडच मागच्या आसाभोवती फिरून उलटे होई. त्यात अनेक चालक प्राणास मुकले. 1924 च्या फार्मॉलने वेगळीच वाट दाखवली. त्याचे सुकाणू पुरते वळवले की तारेच्या साहाय्याने आतल्या बाजूच्या मागच्या चाकाचा ब्रेक आपोआप लागे, आणि पिकाच्या ओळीच्या टोकाशी ट्रॅक्टर जवळजवळ जागच्या जागी वळे. थांबवण्याचे साधन हे वळवण्याचेही साधन होऊ शकते, हे तेथे सिद्ध झाले. आपल्याकडील ट्रॅक्टरला आजही ब्रेकचे दोन पायटे असतात आणि रस्त्यावर ते खिटीने एकत्र जोडावे, शेतात मोकळे सोडावे, असा शिरस्ता आहे, तो याच विचाराचा वारसा होय.

दुसऱ्या महायुद्धानंतर या स्पर्धेचे रूप पालटले. पूर्वी घसरा पुढे सरकत असता ठरावीक अंतरांवर उभी असलेली माणसे एकेक करून त्यावर चढत आणि भार वाढवीत. ही पद्धत जोखमीची होती. तिच्या जागी चाकांचा यांत्रिक घसरा आला. घसऱ्याच्या स्वतःच्या चाकांवरून चालणारी साखळी वजनाची पेटी मागून पुढे सरकवते, पुढचा लोखंडी तवा जमिनीत अधिकाधिक रुततो, आणि प्रत्येक पावलागणिक ओझे वाढत जाते. बहुधा 300 फुटांचे अंतर ओलांडले म्हणजे ओढ पूर्ण झाली. गावोगावचे नियम भिन्न असल्यामुळे तंटे होत; 1969 साली आठ राज्यांच्या प्रतिनिधींनी एकत्र येऊन नॅशनल ट्रॅक्टर पुलर्स असोसिएशन स्थापन केली आणि कायदेकानू एकसारखे केले.

या नव्या घसऱ्याने ब्रेकला जे महत्त्व आणले, ते मैदानाबाहेरच्या माणसास सहसा उमगत नाही. भार वाढला की ट्रॅक्टर पुढून उचलतो. पुढची चाके अधांतरी गेली की सुकाणू निरुपयोगी होते. अशा वेळी चालकाच्या हाती दिशा राखण्याचे एकच साधन उरते, ते म्हणजे डाव्या आणि उजव्या चाकाचे स्वतंत्र ब्रेक. एका चाकाला किंचित अडवले की डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांत गती वाटणारी चक्रपेटी, आपली गती दुसऱ्या चाकाकडे वळवते आणि यंत्र अडवलेल्या बाजूस कलते. पण जुन्या ट्रॅक्टरांपैकी कित्येकांत हे ब्रेक चाकाशी नसून शेवटच्या दंतचक्राआधीच्या पिनियनच्या दांड्यावर बसवलेले असतात. तेथे थोडक्या जोराने काम भागते, कारण पुढची चक्रे तो जोर अनेक पटींनी वाढवतात. मात्र तो दांडा चाकाहून कितीतरी वेगाने फिरतो, आणि नांगरटीच्या संथ चालीसाठी घडवलेले ब्रेक स्पर्धेच्या वेगात तापून निकामी होतात. म्हणून जाणते कारागीर जुनी यंत्रणा काढून त्याच दांड्यावर जाड पोलादी तबकडी आणि तेलाच्या दाबाने आवळणारा कॅलिपर बसवू लागले.

इकडे एंजिनांची वाढ थांबत नव्हती. 1961 साली ॲलिस-चाल्मर्सने डी-19 हा डिझेल ट्रॅक्टर कारखान्यातच टर्बोचार्जर बसवून बाजारात आणला. 1972 साली ओहायोच्या कार्ल आणि पॉल बोसी या बंधूंनी अनेक एंजिने एकाच दांड्यास जोडणारी गिअरची पेटी आणली आणि एका ट्रॅक्टरवर दोन, तीन, चार एंजिने दिसू लागली. हे सर्व बळ शेवटी क्राऊन-पिनियन या दंतचक्रांच्या एका जोडीतून आणि दोन दांड्यांतून जावयाचे! दात निखळले, दांडे पिळवटले, ओतीव हाउसिंग दुभंगले. तेव्हा कोणी मिश्रपोलादाचे दांडे घातले. ज्यांच्या गटाच्या नियमांत मुभा होती, त्यांनी अवजड वाहनांचे आणि माती उपसणाऱ्या यंत्रांचे मागचे भाग आणून जोडले. यांपैकी पुष्कळांत चाकाजवळ ग्रहचक्रे असतात: मधल्या चक्राचा भार भोवतालची तीन-चार चक्रे वाटून घेतात, आणि पीळ अगदी शेवटी वाढत असल्यामुळे आतील दांड्यावर ताण कमी पडतो. नवे क्राऊन-पिनियन बसवताना कारागीर दातांना रंग लावून चक्र सावकाश हाताने फिरवतो आणि रंग कोठे पुसला गेला, ते पाहतो; ठसा दाताच्या मध्यावर उमटेपर्यंत तो पातळ पत्र्यांच्या चकत्या काढतो, घालतो. या कामात घाई करणाऱ्याचे दात पहिल्या मोठ्या ओढीत जातात.

नियमांनीही बळाआधी सावधगिरी हा विवेक अंगीकारला. ड्रॉबारची उंची मर्यादित असावी, अनेक गटांत ती 20 इंचांहून अधिक नसावी. मागे उलटू नये म्हणून भक्कम आडणी असावी. साखळी तुटल्यास एंजिन बंद पाडणारी कळ असावी. ओढ आसाच्या खालून घेतली म्हणजे पुढचा भाग उचलताच ड्रॉबार आणखी खाली येतो आणि उलटण्याचा जोर आपसूक घटतो. 

ही विद्या आपणास परकी मानण्याचे कारण नाही. गळिताच्या हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन चढ चढणारा ट्रॅक्टर कोल्हापूर-सांगलीकडे नित्य दिसतो, आणि त्याचे पुढचे चाक हलके होते, तेव्हा भौतिकशास्त्राचे तेच नियम तेथेही लागू होतात. फरक इतकाच, की तेथे मैदानाला कुंपण नसते आणि समोरून शाळेची मुले येत असतात. यास्तव अधिक ओढीच्या हव्यासाने एंजिनाचा इंधनपंप वाढवून घेणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याने त्याआधी ब्रेकचे लायनर, ट्रॉलीचे ब्रेक आणि हुकाची उंची तपासून घ्यावी, असे मला मनापासून वाटते. ओढीच्या मैदानावर माणसांनी मोठी किंमत मोजून जो क्रम शिकून घेतला, तो हाच: आधी पेलणारे अंग बळकट करावे, मग बळ वाढवावे.