शिकारगाहेच्या पायथ्याशी

गेल्या हिवाळ्यात आमच्या महिला मंडळाची सहल ठरत होती. नव्या सुनांनी रालामंडलचे नाव काढले आणि लगेच 'ट्रेकिंग करू या' असेही ठरून गेले. कागद फिरवला तेव्हा सहा जणींनी आपण होऊन नावे खोडली. सगळ्या साठी-सत्तरीच्या पुढच्या. त्यांत माझ्या सासूबाईही होत्या. मी विचारले तर म्हणाल्या, "गुडघे चालत नाहीत गं. तुमचा खोळंबा कशाला? मी घरीच बरी."

तो 'खोळंबा' शब्द मला फार लागला. ज्या बाईने आयुष्यभर सगळ्यांची पोहोचवापोहोचव केली, तिने स्वतःला अडचण समजावे!

पण त्यांचेही चुकत नव्हते. आपल्या समाजात डोंगर म्हटला की चढायचाच. शिखरजीची वंदना म्हणजे चढणे, टोकांचे दर्शन आणि उतरणे मिळून 27 किलोमीटर. गिरनारच्या पायऱ्या दहा हजारांच्या घरात. कुणी किती वंदना केल्या, कोण अनवाणी गेले, कुणी डोली केली नाही, हे आपण लग्नकार्यातसुद्धा सांगतो. तीर्थाच्या बाबतीत ते योग्यच आहे, तिथे श्रद्धा पायांना बळ देते. पण हीच मोजपट्टी आपण सहलीलाही लावली आणि ज्यांना चढवत नाही त्यांना घरी बसवले.

मी मंडळात सांगून टाकले, "तुम्ही चढा. मी खाली बसणाऱ्यांबरोबर बसते." अशा आम्ही सात जणी रालामंडलच्या पायथ्याशी सतरंजी अंथरून बसलो. त्या दिवशी बसल्या बसल्या जे मनात आले आणि नंतर घरी पुस्तके काढून जे पुन्हा वाचले, ते इथे लिहिते आहे.

इंदूरपासून बारा-पंधरा किलोमीटरवर ही टेकडी आहे. समुद्रसपाटीपासून साधारण 780 मीटर उंच. माथ्यावर होळकरांची शिकारगाह आहे. इंदूरच्या बोलण्यात ती शिकारगाहच, 'शिकारीचा बंगला' असे कुणी म्हणत नाही. राजेलोक इथे करमणुकीला येत. शिकारीची पद्धत सगळ्या संस्थानांत साधारण एकच असे. आसपासच्या गावचे लोक ढोल-डबे वाजवत, आरोळ्या ठोकत रान उठवायचे, भ्यालेले जनावर एका दिशेला धावायचे आणि तिथे मचाणावर बंदूक तयार असायची. करमणूक एकाची, मेहनत शंभरांची आणि जीव तिसऱ्याचा.

1948 मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. 1989 मध्ये ही टेकडी अभयारण्य म्हणून जाहीर झाली. क्षेत्र मोठे नाही, अडीच चौरस किलोमीटरही नाही. पण ज्या चितळांना पाहून एके काळी बंदूक उचलली जायची, त्यांना पाहून आता लहान मुले बोट दाखवतात. 'अभय' हा आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द. अभयदान हे दानांत श्रेष्ठ, असे आपण लहानपणापासून ऐकतो. ते एका टेकडीला सरकारी कागदाने मिळावे, याचे मला त्या दिवशी फार अप्रूप वाटले.

करमणुकीसाठी शिकार आणि मग शिकारीचा त्याग, ही गोष्ट आपल्याकडे बावीसशे वर्षे जुनी आहे. बी.ए.ला माझा इतिहास विषय होता. तेव्हा कॉलेजच्या सहलीत मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात एक फुटका दगड पाहिला होता. सोपाऱ्याला, म्हणजे आताच्या नालासोपाऱ्याला, 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना तो सापडला. त्यावर सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा आहे. आम्हा मुलींना तेव्हा त्या अक्षरांपेक्षा चौपाटीची ओढ जास्त होती. आता त्या लेखाचा अर्थ पुन्हा वाचला आणि थक्क झाले. अशोक सांगतो की पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत. त्यात मृगया आणि तशाच इतर मौजा असत. मी मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या. या यात्रांत काय करायचे, तेही त्याने लिहून ठेवले आहे. श्रमण-ब्राह्मणांना भेटून दान द्यायचे, वृद्धांना भेटून त्यांना साहाय्य करायचे, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी धर्माच्या गोष्टी बोलायच्या.

मैत्रिणींनो, 'वृद्धांना भेटायचे' हे तिथे दगडावर कोरलेले आहे! आणि आपण सहलीच्या यादीतून पहिली नावे त्यांचीच खोडू देतो.

हा अशोक राजा होण्याआधी आपल्या शेजारच्या उज्जैनला अधिकारी म्हणून राहिला होता, असे बौद्ध ग्रंथ सांगतात. म्हणजे माळव्याची ही राने त्यालाही ओळखीची असणार. आणि 'विहार' हा शब्द पाहा. राजाचा विहार म्हणजे मौज. आपल्या साधू-साध्वींचा विहार म्हणजे पायी प्रवास, तोही पावसाळ्याचे चार महिने थांबवायचा, कारण तेव्हा पायाखाली जीव फार असतात. शब्द एकच, पण एका विहारात जीव घेतले जातात आणि दुसऱ्यात ते वाचावेत म्हणून पाऊलच थांबते.

मग बायकांचा विहार कुठे होता? इतिहासात शोधायला गेले तर राण्या सापडतात. आपल्या जवळच्याच मांडूची गोष्ट आहे. 1617 मध्ये जहांगीर बादशहाचा मुक्काम तिकडे होता. नूरजहानने हत्तीवरच्या अंबारीतून सहा गोळ्यांत चार वाघ मारले, असे त्याने आपल्या आठवणींत मोठ्या कौतुकाने लिहिले आहे. नेम धरायला हत्ती स्थिर राहत नाही, म्हणून ते कौतुक. नूरजहानच्या कर्तबगारीबद्दल मला आदर आहे. पण बाईचे मोकळ्या रानात जाणे इतिहासाने टिपले ते तिच्या हातात बंदूक आली तेव्हाच, ही गोष्ट मनाला खुपते.

साध्या बायकाही रानात जातच होत्या, फक्त ते कुणी लिहून ठेवले नाही. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली पंगत बसायची. आमच्या शेजारच्या जोशीकाकू आजही मला आवळीभोजनाला बोलावतात आणि माझ्यासाठी कांदा-बटाट्याशिवायची भाजी आठवणीने वेगळी करतात. श्रावणात झाडाला झोके बांधले जायचे, माहेरी आलेल्या मुली फेर धरायच्या. माळव्यातल्या काही खेड्यांत पाऊस लांबला की सगळे गाव घरे बंद करून शिवारात जाते आणि तिथेच चुली मांडते. त्याला उज्जैनी म्हणतात. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर बाफले भाजायचे, डाळ उकळायची, तुपात बुडवून खायचे आणि दिवस मावळायच्या आत घरी परतायचे. यात चढणे नाही, जिंकणे नाही, मारणे नाही. नुसते बसणे, खाणे, गाणे आणि बघणे. शिकारीचा शौक काळाच्या पडद्याआड गेला, पण झाडाखालची ही पंगत टिकून आहे.

त्या दिवशी आमच्या पंगतीत खाकरे, मेथीचे ठेपले, दही-मिरची आणि घरून गाळून नेलेले पाणी होते. सासूबाईंनी मध्येच मला विचारले, "काय गं, हे अनर्थदंडात नाही ना बसत?" त्यांचा प्रश्न खरा होता. रत्नकरंड श्रावकाचारात आचार्य समंतभद्रांनी प्रमादचर्या सांगितली आहे. कारण नसताना जमीन उकरणे, पाणी सांडणे, विस्तव पेटवणे, पाने तोडणे आणि उगाच भटकणे. मी उत्तर शोधत होते, तेवढ्यात एकीची नात बसल्या जागी गवताची पाती उपटत होती. सासूबाईंनी तिचा हात हलकेच धरला, "नको बाळ, ते काय करतंय तुला?" माझे उत्तर मला मिळाले. पोर डोंगरावर गेली म्हणून दोष नाही आणि खाली बसली म्हणून निर्दोषही नाही. हात काय करतो आहे, त्यावर ते ठरते.

पण खरी फजिती पुढे माझीच झाली. मी घरून ज्वारी आणि भिजवलेल्या हरभऱ्याची पिशवी घेऊन गेले होते. चितळ दिसली की घालू, तेवढीच जीवदया. पिशवी सोडली तोच एक वनरक्षक धावत आला. हात जोडून म्हणाला, "माताजी, हे नका घालू. यांना रानातलं खायची सवय आहे. आपल्या हातचं खाऊन आजारी पडतात, माणसाला भ्यायचं विसरतात, मग रस्त्यावर येतात."

मला आधी रागच आला. कबुतरांना, गायींना, मुंग्यांना घालत आलेल्या घरातली मी, मला हा दया शिकवतो? पिशवीचे तोंड बांधताना हात थरथरत होते. घरी येईपर्यंत मात्र पटले. मी दिलेले अन्न त्या जिवाच्या गरजेपेक्षा माझ्या समाधानासाठी जास्त होते. राजाला हरीण हवे होते भिंतीवर टांगायला, मला हवे होते पुण्याच्या खात्यात मांडायला. दोघांची तुलना होत नाही, हे मला कळते. तरीही दोन्हीकडे हरणाला काय हवे, हे कुणी विचारलेच नव्हते. ज्याला अभय द्यायचे, त्याला आपल्यापासूनही अभय द्यावे लागते.

तेव्हापासून मला वाटते की आपल्यासाठी सगळ्यात योग्य करमणूक म्हणजे लांबून बघणे. आणि ती करायला इंदूरइतके सोयीचे गाव नाही. गावातच सिरपूरचा तलाव आहे. होळकरांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला. मध्यंतरी त्याची पार रया गेली होती. अतिक्रमण, घाण पाणी, झाडतोड. आपल्याच इंदूरचे चित्रकार आणि छायाचित्रकार भालू मोंढे आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षे मागे लागून तो वाचवला. हातात कॅमेरा घेऊन पाखरांमागे फिरणारा एक मराठी माणूस पुढे 2016 मध्ये पद्मश्रीचा मानकरी झाला. 2022 मध्ये सिरपूर आणि गंभीर नदीवरचा यशवंत सागर, हे दोन्ही तलाव रामसर यादीत आले. ही जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी, इराणमधल्या रामसर गावी 1971 मध्ये झालेल्या करारावरून ठरते. 2025 च्या जानेवारीत इंदूर आणि उदयपूर ही पाणथळ शहराचा मान मिळवणारी भारतातली पहिली शहरे ठरली. स्वच्छतेच्या नंबराची गाणी आपण कचरागाडीवर रोज ऐकतो, पण हा मान आपल्यातल्या किती जणींना माहीत आहे?

थंडीत तिथे दूरदेशीची बदके उतरतात. चपट्या चोचीचा थापट्या, टोकदार शेपटीचे तलवार बदक. पाणवनस्पतींच्या पानांवरून चालणारा कमळपक्षी आणि पंख पसरून उन्हात वाळवणारा पाणकावळा तर इथलेच. यशवंत सागरावर सारसाची जोडी दिसली तर दिवस सार्थकी लागला म्हणायचा. याला गुडघे लागत नाहीत. एक दुर्बीण, एक घडीची खुर्ची आणि थोडा वेळ गप्प राहण्याची तयारी पुरते. शेवटची अट आम्हा बायकांना जरा कठीणच!

बसल्या जागी घाटही पाहता येतो. दुसऱ्या तुकोजीरावांनी 1870 मध्ये ब्रिटिशांना एक कोटी रुपये कर्ज देऊन खंडवा-इंदूर रेल्वे आणवली. त्या जुन्या मार्गावर पाताळपाणी ते कालाकुंड अशी छोटी वारसा गाडी 2018 च्या डिसेंबरात सुरू झाली. बोगदे, दरी आणि चोरल नदी, सगळे खिडकीतून दिसते. कालाकुंडला पळसाच्या पानावर कलाकंद मिळतो. ज्यांना गोड चालते त्यांनी खावा, मी निमित्ताला एक तुकडा खाते.

त्या दिवशी वर चढलेल्या मुली चारच्या सुमाराला घामाघूम होऊन उतरल्या. शिकारगाहेचे फोटो दाखवू लागल्या. सासूबाईंनी ते सगळे कौतुकाने पाहिले, मग आपले सांगितले. दोन चितळ किती वेळ कान हलवत उभी होती, एक मोर कसा सतरंजीजवळून गेला, कोणत्या झाडावर किती पोपट. सून ऐकतच राहिली, "अय्या, आम्हाला तर वर एकही मोर दिसला नाही!" सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त हसल्या. आम्ही दिवस मावळायच्या आत गाडीत बसलो.

येत्या जानेवारीची सहल सिरपूरला ठरली आहे. कागद फिरला तेव्हा पहिले नाव सासूबाईंनी स्वतःच्या हाताने लिहिले. मी खाली सूचना लिहिली: पाणी गाळून आणावे, चौविहाराच्या आत परत यायचे आहे, आणि धान्याच्या पिशव्या घरी ठेवाव्यात.