दप्तराचा उंबरठा

आता तळेगाव ढमढेऱ्याचंच घेऊ. जमिनीची नोंद तलाठ्याच्या दप्तरात. दप्तर आत, शेतकरी बाहेर. ही विभागणी जुनीच. पुण्याचं पेशवे दफ्तर इंग्रजांकडे गेलं आणि बाहेरच्या अभ्यासकांना त्याचं दार बराच काळ बंद राहिलं. रियासतकार सरदेसायांनी संपादलेले निवडक कागदांचे ४५ भाग छापून आले ते १९३० पासून पुढे.

१ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. खातं उघडा किंवा ओटीपी घ्या, १५ रुपये भरा. (फुकट दिसतो तो नुसता पाहण्यापुरता, कायदेशीर कामाला चालत नाही.) इथे एक भेद नीट पाहू. ‘तू कोण?’ हा एक प्रश्न, ‘तुला काय करता येईल?’ हा दुसरा. उतारा कोणीही काढावा. फेरफार मात्र तलाठ्यानेच नोंदवायचा, मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करायचा. त्यांचं लॉगिन वेगळं. हे आम्हाला रास्त वाटतं. पहिल्या प्रश्नाचं काय? ओटीपी ओळखतो मोबाईलला, माणसाला नव्हे. एखादी आजी सेवा केंद्रात गेली आणि नंबर केंद्रचालकाचाच टाकला, तर दप्तराच्या लेखी आत आलं कोण? केंद्रचालक. आजी अजून बाहेरच.